ऊसतोडीच्या मुलखात पाहावा असा एक अर्जेंटिनी चित्रपट

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अर्जेंटिना हे नाव कोल्हापुरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. फुटबॉलचा विश्वचषक जवळ आला की शिवाजी पेठ, मंगळवार पेठ आणि आसपासच्या गल्ल्यांतून आकाशी-पांढरे झेंडे आणि मेस्सीचे फलक उभे राहतात, मॅराडोनाच्या आठवणी निघतात आणि तालमीतालमीतून त्या संघाच्या बचावफळीची चर्चा रात्री उशिरापर्यंत रंगते. ज्या देशावर या शहराने एवढा जीव लावला आहे, त्या देशाच्या चित्रपटांविषयी मात्र येथे फारसे बोलले जात नाही. आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत जागतिक चित्रपटांवर आस्थेने लिहिले जाते, त्याबद्दल एक जुना वाचक म्हणून मी ऋणी आहे; तथापि त्या लेखनात इटली, फ्रान्स, जपान आणि इराण पुन्हा पुन्हा येतात आणि अर्जेंटिना आलाच तर गेल्या काही वर्षांतील एखाद्या पुरस्कारप्राप्त चित्रपटापुरता येतो. १९५० च्या दशकात त्या देशात अत्यंत ताकदीचे नाट्यमय चित्रपट करणारे दिग्दर्शक ह्यूगो देल कारिल यांचे नाव त्यात माझ्या पाहण्यात आलेले नाही. त्यांच्या चित्रपटांकडे, आणि त्यांतही १९५२ सालच्या ‘लास आग्वास बाहान तुर्बियास’ या चित्रपटाकडे, आपले आणि वाचकांचे लक्ष वेधावे यासाठी हे पत्र लिहीत आहे. हा चित्रपट जगात कोठे समजून घेतला जावा, तर तो कोल्हापूर जिल्ह्यात, असे माझे ठाम मत आहे आणि त्याचे कारण ‘उचल’, म्हणजे ऊसतोड मजुरांना हंगामाआधी दिली जाणारी आगाऊ रक्कम, हे आहे.

सामन्याला जाताना अर्जेंटिनाचे खेळाडू बसमधून उतरतात तेव्हा अनेकांच्या हातात एक लहानसा तुंबा आणि त्यात खोचलेली धातूची नळी दिसते. मेस्सीची अशी छायाचित्रे आपल्याकडच्या पोरांच्याही मोबाइलवर सापडतील. त्या तुंब्यातले पेय म्हणजे येर्बा माते. एका सदाहरित झाडाचा पाला भाजून, वाळवून, कुटून ते तयार होते आणि ते झाड प्रामुख्याने पाराना नदीच्या वरच्या खोऱ्यात, अर्जेंटिनाच्या ईशान्येकडील मिसिओनेस प्रांतात आणि लगतच्या पराग्वे व ब्राझीलमध्ये वाढते. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हा पाला तोडण्यासाठी जे मजूर नेले जात, त्यांना ‘मेन्सू’ म्हणत. त्यांना नेण्याची पद्धत अशी होती. पोसादाससारख्या बंदरात कंपनीचा माणूस त्यांना गाठे, करारावर अंगठा घेई आणि आगाऊ रक्कम हातावर ठेवी. ती रक्कम दारूत, नव्या कपड्यांत आणि बाजारबसवीकडे दोन-चार रात्रींत उडून जाईल याची तजवीज त्याच बंदरात केलेली असे. मग बोटीत कोंबून माणसे नदीने वर, अरण्यातल्या मळ्यावर नेली जात. तेथे दुकान कंपनीचे, भाव कंपनीचे, हिशेबाची वही कंपनीची आणि बंदूकधारी पहारेकरीही कंपनीचे. आगाऊ घेतलेली रक्कम फिटेपर्यंत मळा सोडता येत नसे आणि ती फिटणार नाही याची काळजी दुकानाचे भाव घेत. पळून जाणाऱ्याच्या मागे माणसे सोडली जात.

हे वाचून शिरोळ, हातकणंगले, कागल किंवा करवीर तालुक्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे काय येईल हे वेगळे सांगायला नको. दसरा झाला की बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर आणि सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांतून टोळ्या आपल्याकडे येतात. येण्यापूर्वी मुकादमाने त्यांना उचल दिलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, एखादा दिवस आजारपणाने चुकला तर ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, हिशेब होतो तेव्हा तोडलेल्या उसाने उचल फिटली नसेल तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. आपल्याकडे पहारेकऱ्यांच्या बंदुका नाहीत आणि अरण्यही नाही, हा फरक मोठा आहे आणि तो मी कमी लेखत नाही. उचल घेऊन टोळीच न आणणाऱ्या मुकादमांनी आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक वाहनमालकांना कर्जबाजारी केले आहे, हेही तेवढेच खरे आहे आणि त्यांच्या व्यथेकडे दुर्लक्ष करून या प्रश्नावर बोलणे अन्यायाचे होईल. परंतु माणसाचे उद्याचे श्रम आज विकत घ्यायचे आणि मग त्या व्यवहाराच्या जोरावर त्याची ये-जा, त्याचे आजारपण आणि त्याच्या बायकोचे बाळंतपण यांवरही हुकूम चालवायचा, ही रीत पाराना नदीच्या काठी आणि पंचगंगेच्या काठी ओळखता येण्याइतकी सारखी आहे.

चित्रपटाची कथा थोडक्यात सांगतो. सांतोस आणि रुफिनो पेराल्ता हे दोन भाऊ मजुरीसाठी आल्तो पाराना, म्हणजे पारानाच्या वरच्या खोऱ्याच्या, भागातल्या मळ्यावर जातात. तेथे कष्ट, फटके, आजार आणि रोजचे अपमान यांत सापडलेल्या माणसांमध्ये सांतोसला अमेलिया भेटते. कारभाऱ्यांच्या वासनेला बळी पडलेली ही तरुणी आणि सांतोस यांचे प्रेम जमते, मजुरांचा संताप साठत जातो आणि अखेरीस उठाव होतो. सांतोसची भूमिका स्वतः देल कारिल यांनी केली आहे आणि अमेलियाची आद्रियाना बेनेत्ती या इटालियन अभिनेत्रीने. होसे मारिया बेल्त्रान या स्पॅनिश छायालेखकाने नदी आणि अरण्य यांचे जे काळे-पांढरे चित्रण केले आहे, ते पाहताना निसर्गाच्या सौंदर्याकडे लक्ष जात नाही, कारण प्रत्येक झाड आणि प्रत्येक वळण त्या माणसांची वाट अडवण्यासाठीच उभे आहे असे वाटत राहते.

एका गोष्टीपाशी मला थोडे थांबावेसे वाटते. पाला तोडला की त्याचा भलामोठा गठ्ठा बांधला जाई, त्याला ‘राईदो’ म्हणत. हा गठ्ठा माणसाच्या स्वतःच्या वजनाहून जड असे. तो पाठीवर घ्यायचा, त्याचा पट्टा कपाळावरून अडकवायचा आणि कोणी तरी हात देऊन उभे केल्यावर वाकलेल्या अवस्थेतच वजनकाट्यापर्यंत चालत जायचे, कारण एकदा खाली बसले तर पुन्हा एकट्याने उठता येत नाही. वजन करणारा कंपनीचा आणि नोंद करणाराही कंपनीचा. आता आपल्या फडात रात्री गाडी भरायला लागते तेव्हा काय होते ते आठवावे. दिवसभर वाकून तोडलेल्या उसाच्या मोळ्या बायका डोक्यावर घेतात आणि ट्रकाला तिरक्या लावलेल्या अरुंद फळीवरून, थंडीत दवाने ओल्या झालेल्या लाकडावर अनवाणी पाय रोवत, वर चढतात. वर चढलेली बाई मोळी टाकते आणि त्याच फळीवरून पाठमोरी खाली येते. खाली उसाच्या पाचटावर गोणपाट टाकून त्यात लेकरू निजवलेले असते. ही फळी आपण सर्वांनी पाहिली आहे, तिच्याजवळून मोटारसायकलचा दिवा पाडत पुढे गेलो आहोत. तिच्यावरून चढणारी बाई सत्तर वर्षांपूर्वीच्या अर्जेंटिनी चित्रपटात मला भेटेल अशी अपेक्षा नव्हती. पण पट्टा कपाळाला लावलेला माणूस पडद्यावर आला आणि दुसरे काही आठवणे शक्यच झाले नाही.

या चित्रपटाच्या निर्मितीची हकीकतही वाचकांनी जाणून घेण्यासारखी आहे. देल कारिल यांचा जन्म १९१२ चा, ब्यूनोस आयर्सचा. ते मुळात टँगोचे गायक. कार्लोस गार्देल यांच्या अकाली निधनानंतर टँगोच्या दुनियेत आणि बोलपटांत जे गायक-नट अत्यंत लोकप्रिय झाले, त्यांत त्यांचे स्थान वरचे होते. संगीत नाटकांवर पोसलेल्या आपल्या लोकांना अशा गायक-नटाचे माहात्म्य समजायला अडचण पडू नये. ते अध्यक्ष पेरॉन यांचे निष्ठावान समर्थक होते आणि पेरॉनवाद्यांचे प्रसिद्ध संघटनगीत त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित झाले. ज्या कादंबरीवरून हा चित्रपट बनला ती ‘एल रिओ ओस्कुरो’ मात्र आल्फ्रेदो वारेला या कम्युनिस्ट लेखकाची होती, १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेली, आणि चित्रपट तयार होत असताना तो लेखक पेरॉन सरकारच्याच तुरुंगात होता. सत्तेच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या एका लाडक्या गायकाने त्या सत्तेने डांबलेल्या लेखकाची कादंबरी उचलावी, सरकारी खात्यांची नाराजी ओढवून घ्यावी आणि तरीही चित्रपट पुरा करून त्याच वर्षी तो व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत न्यावा, याला मी धैर्य म्हणतो. पुढे १९५५ मध्ये लष्कराने पेरॉन यांची सत्ता उलथवली तेव्हा देल कारिल यांना अटक झाली. सत्ता बदलली म्हणून त्यांनी आपली राजकीय निष्ठा बदलली नाही.

मात्र या चित्रपटाचे कौतुक करताना त्यातली तडजोड लपवणे मला योग्य वाटत नाही. चित्रपटाच्या आरंभीच एक निवेदन येते, त्याचा आशय असा की आज ही नदी प्रगतीची आणि श्रमाची नदी आहे, परंतु काही वर्षांपूर्वी तिच्या पाण्यातून रक्त आणि मृतदेह वाहत येत. पेरॉन यांनी श्रम खात्याची सूत्रे हाती असताना १९४४ मध्ये शेतमजुरांसाठी कायदा आणला होता आणि त्याने बराच फरक पडला होता, हे मान्य केले तरी हे निवेदन सत्तेला नमस्कार करून पुढे जाणारे आहे. कादंबरीतला कम्युनिस्ट विचारही पडद्यावर येताना पुसट झाला. ‘हे सगळे पूर्वी होते’ असे एकदा सांगितले की प्रेक्षकाला आपल्या आजच्या ताटाकडे पाहण्याची गरज उरत नाही. वस्तुस्थिती अशी आहे की आजही मिसिओनेसमध्ये येर्बा माते तोडणारे मजूर, ज्यांना आता ‘तारेफेरो’ म्हणतात, कामाच्या मापावर मजुरी घेत, हंगामात प्लास्टिकच्या छपराखाली कुटुंबासह राहतात. आपल्या फडांच्या कडेला उभ्या राहणाऱ्या खोप्यांवरही तेच प्लास्टिक असते. म्हणून माझी सूचना अशी की हा चित्रपट दाखवताना आरंभीचे निवेदन गाळू नये, उलट त्यावर प्रेक्षकांशी बोलावे.

दुसरा आक्षेप मला येथील काही जाणकार मित्रांकडून ऐकावा लागला, तो असा की हा चित्रपट फार नाट्यमय आहे, त्यात खलनायक पुरता खल आहे, नायिका पुरती दुःखी आहे आणि सूचकता कमी आहे. या आक्षेपाला मी मनापासून विरोध करतो. ज्यांच्या आयुष्यात फटका हा रूपक नसून फटकाच असतो, त्यांची गोष्ट कुजबुजत सांगावी अशी अपेक्षा आरामखुर्चीत बसलेला रसिकच करू शकतो. देल कारिल यांच्या नाट्याला श्रमाच्या बारीक तपशिलाचा पाया आहे. पाला कसा तोडतात, कसा भाजतात, वजनात कशी मारतात, वहीत कसे लिहितात, हे सगळे दिसल्यानंतर जेव्हा राग उसळतो तेव्हा तो लेखकाने घुसवलेला वाटत नाही. त्यांच्याआधी, १९३९ मध्ये, मारिओ सोफिची यांनी ओरासिओ किरोगा यांच्या कथांवरून ‘प्रिसिओनेरोस दे ला तिएर्रा’ हा चित्रपट याच मजुरांवर केला होता, तोही असाच आवेगाचा आणि असाच श्रेष्ठ आहे.

शिवाय कोल्हापूरकराने तरी हा आक्षेप घेऊ नये. स्वतः कॅमेरा घडवून चित्रपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी याच शहरात, महाराष्ट्र फिल्म कंपनीत, १९२५ मध्ये नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीवरून ‘सावकारी पाश’ केला. पौराणिक चित्रांची चलती असताना त्यांनी सावकाराच्या खोट्या कागदापायी जमीन गमावून शहरात गिरणी कामगार झालेल्या शेतकऱ्याला पडद्यावर आणले आणि ती भूमिका तरुण व्ही. शांताराम यांना दिली. त्या मूकपटातली अंधुक उजेडातली उदास झोपडी आणि तिच्यापुढे रडणारे कुत्रे हे दृश्य ज्यांनी तेव्हा पाहिले ते पुढे अनेक वर्षे त्याविषयी लिहीत राहिले. तो मूकपट आज आपल्याला पाहायला उरलेला नाही. एवढा मोठा वारसा हातचा गेल्यावर, त्याच जातकुळीचे जे चित्रपट जगात इतरत्र शिल्लक आहेत ते आपल्या माणसांना दाखवणे हे या शहराचे काम आहे, असे मला वाटते. कर्जाने बांधलेला माणूस हा विषय पडद्यावर आणण्यात कोल्हापूर अर्जेंटिनाच्या पुढे होते, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण अभिमानाबरोबर थोडी ओळखही वाढली पाहिजे.

देल कारिल यांच्या इतर चित्रपटांविषयी थोडेच लिहितो. ‘मास आया देल ओल्विदो’ हा १९५६ चा चित्रपट अगदी वेगळ्या धाटणीचा आहे. जॉर्ज रॉदेनबाख या बेल्जियन लेखकाच्या १८९२ सालच्या कादंबरीवर तो बेतलेला असून पत्नीच्या मृत्यूने सैरभैर झालेला एक धनाढ्य माणूस पॅरिसमध्ये भेटलेल्या, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या बाईला तिच्या जागी बसवू पाहतो, असे त्याचे कथानक आहे. दोन्ही भूमिका लाउरा इदाल्गो यांनी केल्या आहेत. हिचकॉक यांचा ‘व्हर्टिगो’ दोन वर्षांनी, १९५८ मध्ये आला आणि जगभर त्याचेच नाव झाले; परंतु विकत घेतलेल्या बाईला मेलेल्या बाईचे कपडे चढवण्यातली क्रूरता मला देल कारिल यांच्या चित्रपटात अधिक थेट जाणवली. १९५९ च्या ‘लास तिएर्रास ब्लांकास’ मध्ये ते पुन्हा मातीकडे वळले. हुआन होसे मानाउता यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट धुपून पांढऱ्या पडलेल्या जमिनीचा, तिथल्या उपाशी मुलांचा आणि मतांच्या दिवसांत वाटल्या जाणाऱ्या जेवणाचा आहे. आपल्याकडील निवडणुकीच्या हंगामातल्या जेवणावळी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्याचा अर्थ लागायला वेळ लागणार नाही.

आता विनंती. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या नावाने येथे फिल्म सोसायटी चालते आणि तिने जगभरातले चित्रपट दाखवण्याचे मोलाचे काम केले आहे. त्या सोसायटीने आणि आपल्या दैनिकाने मिळून ‘लास आग्वास बाहान तुर्बियास’चा एक खेळ राजर्षी शाहू स्मारक भवनात ठेवावा आणि त्यानंतरचे खेळ गळीत हंगाम सुरू असतानाच तालुक्यांच्या गावी, जमल्यास टोळ्यांच्या तळांजवळ मोकळ्या मैदानात, पडदा लावून करावेत. चित्रपट सुमारे दीड तासाचा आहे, त्यामुळे गाडी भरण्याच्या वेळा सांभाळूनही तो बसवता येईल. इंग्रजी अक्षरे वाचत चित्रपट पाहणे मजुरांना शक्य नाही आणि मराठी अक्षरेही सर्वांना भराभर वाचता येतील असे नाही. त्यासाठी मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभे राहून कथा सांगणारा निवेदक असे, तशी व्यवस्था करावी. आपल्या नाट्यसंस्थांत उत्तम आवाजाची मुले-मुली आहेत. संवादांची मराठी संहिता हातात दिली तर दोन तालमींत हे काम करतील.

त्या खेळांना कारखान्यांचे शेती अधिकारी, वाहनमालक आणि मुकादम यांनाही आवर्जून बोलवावे. कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी नव्हे. उचलीच्या साखळीत प्रत्येक जण दुसऱ्याचा देणेकरी आहे आणि यांतल्या प्रत्येकाची बाजू एकाच ठिकाणी ऐकण्याचा प्रसंग आपल्याकडे एरवी येत नाही, म्हणून. चर्चेत ऊसतोड महिलांना आधी बोलू द्यावे, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ होईल.

संवादांच्या मराठी संहितेचा कच्चा खर्डा मी इंग्रजी उपशीर्षकांवरून करून ठेवला आहे. स्पॅनिश जाणणाऱ्या कोणी तो मूळ संवादांशी ताडून पाहिला तर वापरता येईल, आणि त्यासाठी तो आपल्या कार्यालयात आणून देण्याची माझी तयारी आहे. मार्चअखेरीस टोळ्या गावाकडे परततात, तेव्हा या विषयावरचा लेख आपल्या पुरवणीत शक्य तितक्या लवकर यावा, म्हणजे खेळांच्या तारखा त्याआधी ठरवता येतील.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
राजारामपुरी, कोल्हापूर